हिरव्या पॅनेलमधलं निळं बटण: सॅस सेटिंग्ज आवरतानाच्या नोंदी

6 जानेवारी 2025, सोमवार

सॅसची, म्हणजे वेबसाइटच्या दिसण्याचा कोड (सीएसएस) ज्यातून तयार होतो त्या भाषेची, आवृत्ती वाढवली आणि टर्मिनल पिवळं झालं. @इम्पोर्ट (एक फाइल दुसरीत आणायची ओळ) आता जुनं झालं आहे, 3.0.0 मध्ये ते निघून जाईल, ही सूचना. धक्का बसावा असं काही नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 1.80.0 पासून ही सूचना दिसते, आम्हीच जुन्या आवृत्तीला चिकटून होतो. सूचना पाचच दिसल्या म्हणून जरा हायसं वाटलं. मग खालची ओळ वाचली: याच प्रकारच्या बाकी सूचना गाळल्या आहेत. एका प्रकारच्या पाच दाखवल्या की सॅस पुढच्या झाकून ठेवतं. सगळ्या बघायच्या तर व्हर्बोज लावावं लागतं. लावलं. पडदा वर सरकवता सरकवता चहा गार झाला.

परिस्थिती अशी. एकाच कोडमधून दोन गोष्टी तयार होतात: ग्राहकांची साइट, तिचा मुख्य रंग निळा, आणि आमचं प्रशासनाचं पॅनेल, ते हिरवं. सेटिंग्ज तीन फायलींत आहेत. एकीचं नाव ‘व्हेरिएबल्स’, दुसरीचं ‘व्हेरिएबल्स-नवीन’ (ती चार वर्षांपूर्वी नवीन होती) आणि तिसरी ‘ओव्हरराइड’. तिसरी फक्त पॅनेलसाठी. आणि एक तक्रार कित्येक महिने तशीच पडून आहे: पॅनेलमधल्या हिरव्या बटणावर माउस नेला की ते निळं होतं.

नोंदींत कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, प्रत्यक्ष फायलींत ती जशी आहेत तशीच राहतील.

7 जानेवारी, मंगळवार

आज फक्त मोजदाद. कुठलं व्हेरिएबल (नाव दिलेली व्हॅल्यू) कुठे वापरलंय याची यादी.

करड्या रंगाच्या अकरा छटा निघाल्या. त्यातल्या दोन जोड्या तर हुबेहूब सारख्या, नावं तेवढी वेगळी. ‘$करडा-3’ हा ‘$करडा-2’ पेक्षा फिका, पण ‘$करडा-4’ पुन्हा गडद. मध्येच कोणीतरी ‘$करडा-2-ब’ घुसवलाय. त्याचा इतिहास उकरायचा नाही असं ठरवलं, कारण शेवटी माझंच नाव निघण्याची शक्यता दाट आहे.

शोधताना एक फसगत झाली, ती लिहून ठेवते. न वापरलेली म्हणून नऊ व्हेरिएबल्स उडवली आणि बिल्ड (कोडमधून साइट तयार करण्याची प्रक्रिया) मोडलं. सॅसला नावातला आडवा डॅश आणि अंडरस्कोअर एकच. ‘$अक्षर-आकार’ जाहीर करा आणि ‘$अक्षर_आकार’ म्हणून वापरा, चालतं. मी एडिटरमध्ये शोधत होते डॅशवालं नाव, निम्म्या जुन्या फायलींत होता अंडरस्कोअर. शोध सांगतो “कुठेही नाही”, सॅस म्हणतं “आहे की”. नऊपैकी पाच परत आणली. उद्यापासून दोन्ही चिन्हं धरून शोधायचं.

9 जानेवारी, गुरुवार

निळ्या बटणाचा माग लागला. कारण कळल्यावर इतकं साधं वाटलं की स्वतःचाच राग आला.

‘व्हेरिएबल्स’ फायलीत वरच ‘$रंग-मुख्य’ निळा दिलाय. त्याच्या खालच्याच ओळीत ‘$रंग-मुख्य-गडद’ आहे, आणि तो मुख्य रंगावर डार्कन (रंग गडद करणारं फंक्शन) चालवून काढलेला आहे. मग पॅनेलच्या मुख्य फायलीत आधी ‘व्हेरिएबल्स’ येते, तिच्यानंतर ‘ओव्हरराइड’, आणि तिथे ‘$रंग-मुख्य’ हिरवा होतो. पण तोवर गडद छटा काढून झालेली असते. निळ्यापासून. सॅस वरून खाली वाचत जातं आणि त्या ओळीवर हातात जी व्हॅल्यू असेल तिनेच हिशेब करून मोकळं होतं. स्प्रेडशीटमध्ये एक खाना बदलला की त्यावर अवलंबून असलेले खाने आपोआप बदलतात, इथे तसं काही नाही. आपण सगळे जण मनात मात्र स्प्रेडशीट धरून बसलेले असतो.

उपाय जुना आणि सगळ्यांना तोंडपाठ: मूळ फायलीतल्या प्रत्येक व्हेरिएबलला !डिफॉल्ट लावायचं आणि बदल आधी द्यायचा. !डिफॉल्टचा अर्थ, “या नावाला आधीच काही व्हॅल्यू असेल तर तीच राहू दे. काहीच नसेल किंवा नल (रिकामी) असेल तरच माझी घे.” म्हणजे हिरवा आधी ठरतो, निळा गप्प बसतो आणि गडद छटा हिरव्यापासून निघते.

!डिफॉल्ट लावून नुसती ‘ओव्हरराइड’ची ओळ ‘व्हेरिएबल्स’च्या वर नेली तर? नेऊन पाहिली. बिल्डच मोडलं. ‘ओव्हरराइड’मधल्या दोन ओळींना ‘व्हेरिएबल्स’मधली मापं लागतात, ती आता जाहीरच झालेली नसतात. म्हणजे फायलींचा क्रम हीच आमची सर्वांत महत्त्वाची सेटिंग होती आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती. @इम्पोर्टमध्ये सगळी नावं एकाच मोठ्या खोलीत असतात, जो शेवटी बोलतो त्याचं खरं.

ठरलं. नुसत्या सूचना बंद करायच्या नाहीत, पूर्ण मॉड्यूल पद्धतीवर जायचं, जिथे प्रत्येक फायलीची नावं तिच्यापुरती वेगळी राहतात. @यूज (फाइल आणून वापरायला) आणि @फॉरवर्ड (तिची नावं पुढे द्यायला) 2019 च्या ऑक्टोबरपासून, 1.23.0 पासून आहेत. आपण उशिरा नाही, फारच उशिरा आहोत.

10 जानेवारी, शुक्रवार

सॅसचं स्वतःचं मायग्रेटर आहे, जुना कोड नव्या पद्धतीत बदलून देणारं. ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) लावून चालवलं. बदलणाऱ्या फायलींची यादी बघून सहकारी म्हणाला, “अगं, हे मुख्य कोडात मर्ज करताना मी रजेवर असेन.” सोमवारी खरं चालवू.

13 जानेवारी, सोमवार

मायग्रेटर चाललं, अवलंबून असलेल्या फायलींसकट. अपेक्षेपेक्षा बरंच समजूतदार निघालं. जिथे आम्ही व्हॅल्यू आधी देऊन मग फाइल आणत होतो, तिथे त्याने ती आपणहून @यूजच्या ‘विथ’मध्ये (फाइल आणतानाच व्हॅल्यू द्यायची जागा) घातली. जिथे नंतर बदलत होतो, म्हणजे आमच्या सगळ्या पापांची जागा, तिथे हाताने करावं लागलं. हे योग्यच आहे. कुठली व्हॅल्यू खरी धरायची हे यंत्राने कसं ठरवावं?

दुपार नावांवरच्या चर्चेत गेली. @यूज केलं की फायलीचं नाव हे उपसर्ग बनतं, म्हणून कोडभर ‘व्हेरिएबल्स.$अंतर-4’ असं लांबलचक दिसायला लागलं. सहकाऱ्याचं म्हणणं, ‘ॲज तारा’ लिहू, उपसर्गच नको. माझा विरोध. उपसर्ग काढला की पुन्हा तीच मोठी खोली. फरक इतकाच की दोन फायलींत एकच नाव आलं तर सॅस आता भांडण दाखवून देतं. पण वाचणाऱ्याला ‘$अंतर-4’ कुठून आलं ते कळत नाही ते नाहीच. शेवटी तोडगा: उपसर्ग ‘सेट’, सगळीकडे तोच, दुसरं नाव द्यायचं नाही. ‘सेट.$अंतर-4’. दोन अक्षरं आणि एक टिंब, तेवढ्याने कोणाची बोटं झिजत नाहीत.

तीन फायलींची आता एक घडी झाली: ‘सेटिंग्ज’ नावाचं फोल्डर, आत रंग, मापं, अक्षरं आणि ब्रेकपॉइंट (पडद्याच्या ज्या रुंदीला मांडणी बदलते ती मापं) अशा चार फायली, आणि ‘_इंडेक्स’मध्ये चारही @फॉरवर्ड केलेल्या. फोल्डरचं नाव @यूज केलं की इंडेक्स आपोआप उचलली जाते. मध्ये लागणारी हिशेबाची व्हेरिएबल्स डॅशने सुरू केली, म्हणजे ती त्या फायलीबाहेर दिसतच नाहीत. एकट्या या सोयीसाठीसुद्धा मी हे सगळं केलं असतं.

16 जानेवारी, गुरुवार

सकाळपासून एकच एरर: हे मॉड्यूल आधीच लोड झालंय, आता ‘विथ’ने त्यात बदल करता येणार नाही.

पॅनेलच्या मुख्य फायलीत मी आधी बटणं @यूज केली होती आणि मग ‘सेटिंग्ज’ला ‘विथ’मधून हिरवा रंग दिला होता. बटणांची फाइल आत ‘सेटिंग्ज’ वापरते. म्हणजे बटणं आली तेव्हाच ‘सेटिंग्ज’ निळ्या रंगासकट लोड झाली. एका संकलनात (सॅसपासून सीएसएस बनवण्याच्या एका फेरीत) मॉड्यूल एकदाच चालतं, नंतर कितीही जणांनी मागितलं तरी तेच तयार मॉड्यूल हातात मिळतं. म्हणून रंग ठरवायचा तर पहिल्यांदा लोड होतानाच.

मला ही एरर फार आवडली. गेल्या आठवड्यातलं निळं बटण हे नेमकं हेच होतं, उशिरा दिलेली सेटिंग. तेव्हा सॅस मुकाट्याने पुढे जात होतं, आता दारातच अडवतं.

बटणांची ओळ खाली नेली. तरी एरर. पाऊण तास गेला. गुन्हेगार निघाली ‘साधनं’ नावाची फाइल, तीत फक्त मिक्सिन्स (नाव देऊन पुन्हा वापरता येणारे नियमांचे गट). ती मी निरुपद्रवी म्हणून सगळ्यात वर ठेवली होती. तिच्यातलं एक मिक्सिन ब्रेकपॉइंट वापरतं, त्यासाठी तिने ‘सेटिंग्ज’ आणलेली.

आता नियम असा: प्रत्येक उत्पादनाची एक थीम-फाइल. ‘थीम-पॅनेल’मध्ये एकच काम, ‘सेटिंग्ज’ हिरव्या ‘विथ’सह @फॉरवर्ड करणं. मुख्य फायलीची पहिली ओळ ही थीम, तिच्या वर टिप्पणीशिवाय काहीही नाही. घटकांच्या फायलींनी नेहमीप्रमाणे ‘सेटिंग्ज’च @यूज करायची. त्यांना थीम नावाची गोष्ट असते हे माहीतही नसावं. मॉड्यूल एकच असल्याने हिरवा त्यांच्यापर्यंत आपोआप पोचतो.

@फॉरवर्डबद्दल सहकाऱ्याचा गोंधळ झाला, माझाही पूर्वी झाला होता. फॉरवर्ड केलेली नावं पुढच्याला मिळतात, त्या फायलीला स्वतःला मिळत नाहीत. तिथेच वापरायची असतील तर वेगळं @यूजही लिहायचं, आणि ते @फॉरवर्डच्या खाली, म्हणजे बाहेरून आलेला ‘विथ’ आधी लागू होतो.

बोनस: ‘विथ’मध्ये नावाची चूक केली किंवा !डिफॉल्ट नसलेलं व्हेरिएबल दिलं तर सॅस लगेच थांबतं. ‘ओव्हरराइड’मध्ये ‘$रंग-मुखय’ अशी चुकीची ओळ किती काळ गुपचूप पडून होती ते आज कळलं.

17 जानेवारी, शुक्रवार

कालचा आनंद टिकला नाही. पॅनेलचे नवे घटक सुटे आहेत. प्रत्येकाची स्टाइल-फाइल बिल्डमध्ये स्वतंत्रपणे संकलित होते. ‘मॉड्यूल एकदाच’ हे खरं, पण एका संकलनापुरतं. इथे संकलनं चाळीसेक. मुख्य फायलीतली थीम त्यांच्या गावीही नाही, सगळे घटक निळे.

बिल्डच्या सेटिंगमध्ये ‘ॲडिशनल-डेटा’ची सोय आहे, प्रत्येक फायलीच्या डोक्यावर एक ओळ चिकटवता येते. तिथे ‘थीम-पॅनेल’ टाकली. दोन गोष्टी शिकले. पहिली, चिकटवलेल्या ओळीचा उपसर्गही ‘सेट’ ठेवला तर घटकाच्या स्वतःच्या ‘सेट’शी टक्कर होऊन एरर येते, म्हणून तिथे वेगळं नाव. दुसरी जास्त महत्त्वाची: ही ओळ फक्त प्रवेश-फायलीला, म्हणजे जिथून संकलन सुरू होतं तिला, चिकटते, तिने @यूज केलेल्या फायलींना नाही. एका सहकाऱ्याने “ओळ तर आपोआप येतेच” म्हणून घटकांमधलं @यूज काढून टाकलं होतं. वरच्या फायली चालल्या, आतल्या पडल्या. प्रत्येक फायलीने तिला लागतं ते स्वतः मागायचं, हे रिव्ह्यूच्या नियमांत घातलं.

आणि सीएसएसचा आकार बघून डोळे विस्फारले. ‘अक्षरं’ फायलीत फॉन्ट-फेसचे (फॉन्ट कुठून घ्यायचा ते सांगणारे) नियम होते. सेटिंग्जची फाइल प्रत्येक संकलनात येते, म्हणून तेच नियम चाळीस वेळा छापले गेले. सेटिंग्जच्या फोल्डरमधून सीएसएसचं एक अक्षरही बाहेर पडता कामा नये. यासाठी छोटी चाचणी लिहिली: एक फाइल, तिच्यात फक्त ‘सेटिंग्ज’चं @यूज. तिचं संकलन करायचं, काहीही छापलं गेलं तर बिल्ड नापास. या आख्ख्या प्रकल्पातला माझा सर्वांत लाडका कोड हाच, कारण त्यातून काहीच निघत नाही.

20 जानेवारी, सोमवार

डिझाइनकडून आठवण आली: पॅनेलमध्ये ग्राहकाच्या पानाची झलक दिसते. एकाच पानावर, एकाच वेळी, हिरवं आणि निळं बटण. संकलनाच्या वेळी ठरणारा एक रंग इथे पुरणार नाही.

म्हणून विभागणी केली. थीमनुसार बदलणारं सगळं, म्हणजे रंग, कोपऱ्यांची गोलाई आणि सावल्या, सीएसएसच्या कस्टम प्रॉपर्टीजमध्ये, म्हणजे ब्राउझर स्वतः सोडवतो अशा व्हेरिएबल्समध्ये. ब्रेकपॉइंट सॅसमध्येच राहतील, त्याला इलाज नाही, मीडिया क्वेरीच्या (पडद्याच्या रुंदीनुसार नियम लावणारी ओळ) अटीत ‘व्हार’ (कस्टम प्रॉपर्टी वाचणारं फंक्शन) चालत नाही. अंतरांची पट्टीही सॅसमध्येच. ती दोन्हीकडे सारखी आहे, उगाच ब्राउझरवर टाकायला नको.

बदल करताना बटण पारदर्शक झालं. एरर नाही, सूचना नाही. कस्टम प्रॉपर्टीच्या व्हॅल्यूत सॅस हात घालत नाही, जे लिहिलं ते जसंच्या तसं छापतं. म्हणजे ‘$रंग-मुख्य’ हीच अक्षरं ब्राउझरपर्यंत गेली आणि त्याला तो रंग वाटेना. हॅशचं चिन्ह (#) आणि महिरपी कंस, म्हणजे इंटरपोलेशन, घातलं की सॅस व्हॅल्यू भरतं. हे मला माहीत होतं. तरी चुकले.

उलट बाजूला, सॅसच्या रंगाच्या फंक्शनला ‘व्हार’ दिलं की ते सरळ सांगतं, हा रंग नाही. बरोबरच आहे, संकलनाच्या वेळी तो रंग अस्तित्वातच नसतो. गडद छटेसाठी म्हणून ब्राउझरचं ‘कलर-मिक्स’ घेतलं. 2023 पासून ते सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. मुख्य रंग 85 टक्के, बाकी काळा.

21 जानेवारी, मंगळवार

मॅपमधून (नाव आणि व्हॅल्यूंच्या जोड्यांची यादी) रंग काढताना नाव चुकलं तर मॅप-गेट नल देतं, आणि नल व्हॅल्यूची ओळ सॅस छापतच नाही. म्हणजे रंग गायब, तक्रार शून्य. छोटं फंक्शन केलं: नाव मॅपमध्ये नसेल तर @एरर, सोबत उपलब्ध नावांची यादी. चालवताच तीन जुन्या चुका बाहेर आल्या. मॅपमधली नावं अवतरणचिन्हांत टाकली. ‘रेड’ असं उघडं लिहिलं की सॅस त्याला शब्द न धरता रंग धरतं.

23 जानेवारी, गुरुवार

सॅसमध्ये उरलेले डार्कन आणि लाइटन बदलले. सहकाऱ्याने सगळीकडे ‘कलर.स्केल’ टाकलं आणि कडा फिक्या दिसू लागल्या. दोन्ही ‘10 टक्के’ एक नव्हेत. उजळपणा 40 टक्के असलेला रंग ‘कलर.ॲडजस्ट’ने 10 ने कमी केला की 30 वर येतो, डार्कन हेच करायचं. ‘कलर.स्केल’ मात्र शून्यापर्यंतच्या अंतराचा दहावा भाग उतरतं, म्हणजे 36 वर. आधीसारखंच दिसायला हवं तर ॲडजस्ट. स्केल जास्त समंजस आहे हे मान्य, पण आत्ता दिसणं बदलायचं नाही.

भागाकाराच्या तिरक्या रेघा ‘मॅथ.डिव’ झाल्या. मायग्रेटरने केल्या, मी फक्त बघितल्या.

27 जानेवारी, सोमवार

झलकेचं पान उघडलं. आजूबाजूला हिरवं पॅनेल. बटण हिरवं. माउस नेला.

निळं.

पाच मिनिटं काही बोलले नाही. सहकारी खुर्ची सरकवून आला आणि “अरे देवा, परत?” एवढंच म्हणाला.

रूटवर, म्हणजे पानाच्या सगळ्यात वरच्या एलिमेंटवर, दोन ओळी होत्या: ‘--रंग-मुख्य’ निळा, आणि ‘--रंग-मुख्य-गडद’ म्हणजे त्याचा कलर-मिक्स. पॅनेलच्या क्लासवर फक्त ‘--रंग-मुख्य’ हिरवा केला होता. मी मनात पुन्हा स्प्रेडशीट धरली होती, कारण “ब्राउझर तर नंतर हिशेब करतो ना”. नंतर करतो हे खरं. पण ज्या एलिमेंटवर ओळ लिहिली आहे तिथेच करतो. गडद छटेची ओळ रूटवर आहे, म्हणून आतलं ‘व्हार’ रूटवरच सोडवलं जातं, तिथे मुख्य रंग निळा. खाली वारशाने जाते ती तयार झालेली निळसर व्हॅल्यू, सूत्र नव्हे. पॅनेलमध्ये हिरवा ठरेपर्यंत गडद छटा काढून झालेली असते. 9 तारखेची नोंद वाचली, वाक्यसुद्धा जवळपास तेच.

दोन मार्ग होते. गडद छटेचा हिशेब रूटवर न ठेवता बटणाच्या स्वतःच्या नियमात करायचा. किंवा थीम जिथे मुख्य रंग बदलते तिथेच निघणाऱ्या सगळ्या छटाही पुन्हा लिहायच्या. पहिल्यात कलर-मिक्स दहा घटकांत पसरतो आणि 85 चा आकडा कोणीतरी 80 करतो. दुसरा घेतला, पण हाताने नाही. ‘थीम’ नावाचं मिक्सिन केलं: त्याला मुख्य रंग द्यायचा, ते मुख्य आणि निघणाऱ्या छटा एकाच सिलेक्टरमध्ये छापतं. रूटवरही तेच मिक्सिन, पॅनेलवरही तेच, झलकेच्या चौकटीवरही तेच. थीमचे रंग लिहायला दुसरी जागाच ठेवली नाही.

माउस नेला. हिरवं. झलकेतल्या बटणावर नेला. निळं, आणि ते तिथे निळंच हवं होतं. सहकाऱ्याने खात्रीसाठी स्वतः नेऊन पाहिला.

28 जानेवारी, मंगळवार

मर्ज झालं. तो रजेवर गेला नाही.

30 जानेवारी, गुरुवार

टर्मिनलमध्ये अजून थोडं पिवळं आहे. आपला कोड स्वच्छ, सूचना येतात त्या बाहेरून आणलेल्या कॅलेंडरच्या लायब्ररीच्या, ती आत अजून @इम्पोर्ट वापरते. क्वाएट-डेप्स (बाहेरच्या कोडच्या सूचना दाबणारा पर्याय) लावून पाहिलं, फरक पडला नाही. कारण सापडलं: सॅसच्या लेखी डिपेंडन्सी म्हणजे लोड-पाथवरून (फायली शोधायला दिलेल्या फोल्डरांतून) किंवा इम्पोर्टरमधून आलेली फाइल. ही लायब्ररी कधीकाळी कोणीतरी उचलून आपल्याच फोल्डरमध्ये ठेवली आहे आणि सापेक्ष पत्त्याने बोलावली आहे, म्हणून सॅस तिला आपलीच समजतं.

उरलेलं काम: लायब्ररी पॅकेज म्हणून आणायची, लोड-पाथ द्यायचा, आपली प्रत काढायची. त्याआधी त्या प्रतीत कोणी हाताने काही बदललं आहे का ते ताडून बघायचं. बदललं असणार. एका ओळीवर ‘तात्पुरतं’ अशी टिप्पणी दिसलीच आहे.